तुमची सावली किती लांब?

डिसेंबरात पुण्याला ऊन हवेहवेसे वाटते. या दिवसांत उन्हापासून जपा, असे कोणी सांगितले तर तुम्हांला हसू येईल. पण २२ डिसेंबरला, वर्षातील सर्वांत लहान दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास मैदानावर ताठ उभे राहा आणि मित्राला तुमची सावली मोजायला सांगा. तुमची उंची १५० सेंटिमीटर असेल, तर सावली सुमारे १३५ सेंटिमीटर भरेल. म्हणजे उंचीपेक्षा आखूडच!

याचे उत्तर भूगोलात आहे. पुणे सुमारे १८.५° उत्तर अक्षांशावर आहे आणि त्या दिवशी सूर्य २३.५° दक्षिणेला, मकरवृत्तावर असतो. म्हणून मध्यान्ही तो क्षितिजापासून ९० − (१८.५ + २३.५) = ४८ अंश उंच येतो. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली उंचीइतकी असते. त्याहून वर गेला की ती आखूड होते. आकाश निरभ्र असेल तर पुण्यात वर्षातील कोणत्याही दिवशी मध्यान्हीची सावली उंचीपेक्षा लांब नसते. १३ मे आणि ३१ जुलैच्या सुमारास तर सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायांखाली दडते.

न दिसणारे, न जाणवणारे किरण

सूर्यप्रकाशात जांभळ्या रंगापलीकडचे जंबुपार (अतिनील) किरण असतात. त्यांची तरंगलांबी ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी असते. २८० नॅनोमीटरखालचे सर्वांत घातक किरण वातावरण पूर्णपणे अडवते. २८० ते ३१५ नॅनोमीटरमधील बरेचसे किरण ओझोन शोषून घेतो. पण उरलेले आपल्यापर्यंत पोहोचतात. वातावरणातील सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणला, तर त्याचा थर जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा होईल. सूर्य कलता असेल तेव्हा किरणांना या थरातून तिरका, लांब प्रवास करावा लागतो. सूर्य वर आला की वाट आखूड होते आणि जास्त किरण खाली येतात. म्हणून सावली आखूड, तर जंबुपार किरण तीव्र.

हे किरण ऊब देत नाहीत. त्यामुळे गार वाऱ्यात किंवा विरळ ढगांखाली आपण फसतो. तापमापक पाहून त्यांचा अंदाज येत नाही. सावली पाहून येतो.

पेशीची छत्री

आपल्या बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत त्यांची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या प्रमाणात व प्रकारात. त्याचे कण शेजारच्या पेशींत जाऊन केंद्रकावर छत्रीसारखे पसरतात. तरीही काही किरण आत शिरतात आणि डीएनएच्या साखळीतील शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटवतात. पेशीतील विकरे हा बिघड कापून दुरुस्त करतात. ही दुरुस्ती जन्मतःच जमत नाही अशा मुलांना झिरोडर्मा पिग्मेंटोसम हा दुर्मिळ रोग असतो. त्यांना लहानपणीच त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. इतरांतही काही चुका दुरुस्त व्हायच्या राहतात, वर्षानुवर्षे साठतात, आणि एखादी पेशी बेबंद वाढू लागते.

आपल्याकडील वेगळी गोष्ट

ऑस्ट्रेलियातील गोऱ्या लोकांत हा रोग फार आढळतो. भारतात तो कमी आहे आणि त्याची कारणेही निराळी असू शकतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकाऱ्याने १९४५ साली ‘धोतराच्या कर्करोगा’चे वर्णन प्रसिद्ध केले. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट धोतर बांधल्याने कातडी घासली जाऊन तेथे हा रोग होई. जुन्या भाजल्याच्या व्रणातही तो उद्भवू शकतो. सावळ्या माणसांत मेलॅनोमा हा प्रकार बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली दिसतो. तेथे उन्हाचा संबंध फारसा नसतो.

म्हणून महिनाभर न भरणारी जखम, आकार वा रंग बदलणारा डाग, तळपायावरचा नवा काळा ठिपका किंवा नखातील नवी काळी रेघ दिसली, तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक डाग निरुपद्रवी असतात, पण ते डॉक्टरांनीच ठरवावे. लवकर सापडलेला त्वचेचा कर्करोग बहुतांशी बरा होतो. आजीच्या पायावरची जखम पाहणारे पहिले डोळे तुमचेही असू शकतात.

काय करावे?

ऊन हा शत्रू नव्हे. ‘ड’ जीवनसत्त्व त्वचेत तयार व्हायला ते लागतेच. फक्त सावली आखूड असताना फार वेळ उघड्यावर राहू नये. मे महिन्यात ही वेळ साधारण सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन असते. डिसेंबरअखेर मध्यान्हीच्या आसपासचे दोनच तास. टोपी, छत्री, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पुण्यातल्या स्कूटरवरचा सुपरिचित स्कार्फ ही चांगली साधने आहेत. कापड दिव्यासमोर धरून पाहा. पलीकडचा दिवा स्पष्ट दिसला, तर विण विरळ आहे.

तुमच्या वर्गात रंगहीनता (अल्बिनिझम) असलेला एखादा मित्र असेल. त्याच्या पेशींना मेलॅनिनची छत्री जवळजवळ नसते. कवायतीच्या वेळी त्याला सावलीत उभे राहू देणे आणि वर्गातही टोपी घालू देणे ही सवलत नव्हे, ती त्याची गरज आहे. शिक्षकांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

करून पाहा

एक मीटरची काठी मैदानात उभी रोवा. सकाळी ८ पासून दुपारी ४ पर्यंत दर तासाला सावली मोजून आलेख काढा. ती एक मीटरपेक्षा आखूड केव्हा होते? त्या वेळेत तुमच्या शाळेची कवायत, खेळाचा तास किंवा मधली सुट्टी येते का? येत असेल, तर आलेख मुख्याध्यापकांना दाखवा आणि वेळ बदलता येईल का, ते विचारा.