ऐच्छिक विषयाचा एक तास

शाळा उघडली, कीं पालकांचा एक प्रश्न आमच्या कानीं हटकून येतो: "मुलाला संस्कृत द्यावें कीं हिंदी? गुण कशांत जास्त मिळतील?" शेलूबाजारासारख्या पेठेच्या गांवीं हिशेब करूनच माल घेण्याची संवय असते, तेव्हां विषयाची निवडहि हिशेबानें व्हावी यांत नवल नाहीं. परंतु ऐच्छिक विषयाचा सगळा नफा गुणपत्रिकेंत दिसत नाहीं. त्यांतील मोठा भाग पुष्कळ वर्षांनीं हातीं येतो. हें कळावें म्हणून एकाच शाळेंतील दोन विद्यार्थ्यांची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ती शाळा म्हणजे मुंबईचें एल्फिन्स्टन हायस्कूल. त्या काळीं मॅट्रिकच्या विद्यार्थ्यास इंग्रजीखेरीज दुसरी एक भाषा घ्यावी लागे. कोणी संस्कृत घेई, कोणी फारसी.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ सालीं महाडजवळच्या नाते गांवीं झाला. त्यांनीं संस्कृत घेतलें. १९१२ सालीं ते मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले व संस्कृतासाठीं ठेवलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. पुढें केंब्रिजला त्यांनीं सृष्टिविज्ञानाचा अभ्यास केला आणि वनस्पतिशास्त्राचें पारितोषिक पटकाविलें. आय. सी. एस. होऊन ते आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडांत अधिकारी म्हणून आले. १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० ते १९५६ पर्यंत देशाचे अर्थमंत्री होते. यांपैकीं कोणत्याहि कामास संस्कृताची गरज नव्हती. तरीहि त्यांनीं कालिदासाचें मेघदूत मराठींत आणिलें, आणि १९६९ सालीं त्यांच्या स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. जन्मभर आंकड्यांत वावरलेल्या या गृहस्थास शाळेंतील त्या एका तासानें उतारवयापर्यंत पुरेल असा सोबती दिला.

दुसरे विद्यार्थी डॉ. भीमराव आंबेडकर. हे १९०७ सालीं त्याच शाळेंतून मॅट्रिक झाले. त्यांनाहि संस्कृतच शिकावयाचें होतें. पण अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलास संस्कृत शिकविण्याचें शिक्षकांनीं नाकारलें आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. विषय ऐच्छिक खरा, पण इच्छा विचारली गेली नाहीं. त्यांनीं फारसीचा अभ्यास चांगला केला, परंतु संस्कृताची ओढ सोडली नाहीं. ती भाषा त्यांनीं पुढें स्वतःच्या परिश्रमानें अभ्यासिली. शूद्र पूर्वीं कोण होते, या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९४६ सालीं निघाला. त्यांत ऋग्वेद, महाभारत इत्यादि ग्रंथांतील वचनांची त्यांनीं कसून छाननी केली आहे. पाली भाषेचा शब्दकोशहि त्यांनीं रचावयास घेतला होता. तो त्यांच्या पश्चात् महाराष्ट्र शासनानें छापला.

कोणी म्हणेल, नकार मिळाला म्हणूनच ते एवढे मोठे झाले. आम्हांस हें मान्य नाहीं. आंबेडकरांची जिद्द लाखांत एखाद्याचीच असते. त्याच काळीं ज्या इतर मुलांपुढें वर्गाचें दार लागलें, त्यांच्यासाठीं तें बहुधा कायमचेंच लागलें. त्यांचीं नांवेंहि आज कोणास ठाऊक नाहींत. म्हणून मुलाची ओढ न विचारतां विषय ठरविणें ही लहान चूक नव्हे, मग तो शाळेनें ठरविलेला असो वा घरच्यांनीं.

"हें मुंबईचें झालें; आमच्या गांवच्या मुलास त्याचा काय उपयोग?" असें कोणी विचारील. आपलें वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ सालीं तेथें विंध्यशक्ति राजाचा एक ताम्रपट उजेडांत आला. त्याचा कांहीं भाग संस्कृतांत आहे, कांहीं प्राकृतांत. त्या भाषा जाणणारे विद्वान होते म्हणून तो वाचला गेला आणि आपल्या भूमीची दीड हजार वर्षांपूर्वींची हकीकत आपणांस कळली. उद्यां एखाद्या शेतांत नांगराच्या फाळाला दुसरा पत्रा लागला, तर तो वाचणारा याच पंचक्रोशींतला कां नसावा?

विद्यार्थिमित्रहो, विषय घेतांना शेजारच्या मुलानें काय घेतलें हें पाहूं नका. तो विषय संस्कृत असो, हिंदी असो, चित्रकला असो. दोनचार दिवस त्या तासाला बसून पाहा, आणि घंटा झाल्यावरहि मन ज्यांत रेंगाळतें तो घ्या. एकदां घेतल्यावर मात्र कंटाळा आला म्हणून सोडूं नका. पालकांस आमची एवढीच विनंती कीं, गुणांची चौकशी अवश्य करावी, पण त्याआधीं मुलास जवळ बसवून विचारावें, "बाळ, तुला काय शिकावेंसें वाटतें?" परमेश्वरानें प्रत्येक मुलास कांहीं ना कांहीं देणगी दिलेली असते, ती ओळखण्याची सुरुवात या साध्या प्रश्नानें होते.