पाण्यात पडलेली विजेरी

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावात कोणाची विजेरी पडली, तर ती वर काढताच तो प्रथम काय करील? कळ दाबून पाहील! घात होतो तो येथेच. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. परंतु तलावाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. त्यांच्यामुळे प्रवाह आडवाटेने वाहतो आणि धातूच्या पट्ट्या झिजू लागतात. १८०० साली इटलीतील शास्त्रज्ञ व्होल्टा याने आपली घटमाला जगापुढे मांडली, तीत जस्त व तांबे यांच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापडच होते! मग असे पाणी विजेरीत स्वस्थ कसे बसेल? म्हणून कळ न दाबता आधी घट बाहेर काढावेत. मग विजेरी स्वच्छ पाण्याने विसळून सावलीत नीट वाळवावी. भ्रमणध्वनीतील लिथियमचा घट भिजून फुगला, तर मात्र त्याला हात न लावता मोठ्या माणसांना बोलवावे. तो पेट घेऊ शकतो.