शिरेतील नळीची निगा
सलाईन संपते, बाटली उतरविली जाते. हातातील नळी मात्र ‘लागली तर असू द्या’ म्हणून तशीच राहते. रोगजंतूंना रक्तात शिरण्यास एवढी वाट पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये या नळ्यांसंबंधी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. नळी बसविल्याची तारीख व वेळ पट्टीवर लिहावी. औषध देण्यापूर्वी हात धुऊन नळीचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने घासावे व वाळू द्यावे. घाईत नेमके हे वाळू देणेच राहून जाते. परिचारिकेने प्रत्येक पाळीत जागा तपासावी. लाली, सूज वा ठणका आढळताच नळी काढावी. ‘हात दुखतो’ ही रुग्णाची कुरकूर समजू नये. सलाईनने ताकद येते या समजुतीने नातेवाईकच पुष्कळदा नळी काढू देत नाहीत. त्यांना हा धोका समजावून सांगावा लागतो. गरज उरली आहे काय, हे डॉक्टरांना रोज विचारावे.