टेबल सोपवताना

पोरी, उद्यापासून हे टेबल तुझं. किल्ल्यांचा जुडगा दिला, चार्जच्या यादीवर सह्या झाल्या. यादीत लिहिता येत नाही ते आता सांगतो. यातलं अर्धं मला माझ्या हेडक्लार्कनी सांगितलं, उरलेलं चुकत चुकत कळलं.

आधी जनरल रजिस्टर. अकरावीला मूल आलं की दहावीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला समोर ठेवूनच नाव उतरवायचं. तोंडी सांगितलेलं कुणाचंही लिहायचं नाही, अगदी बापाचंही. जन्मतारीख अंकात लिहिलीस की लगेच अक्षरी लिही. मग मूळ कागदाशी ताडून बघ, पण उलट्या क्रमाने: आधी साल, मग महिना, मग दिवस. सरळ वाचलं की डोळा आपण लिहिलेलंच खरं धरून पुढे जातो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मुलाच्या तारखेत माझ्या हातून ०६ आणि १२ ची अदलाबदल झाली. तीन वर्षांनी तो सैन्यभरतीचे कागद घेऊन या खिडकीशी आला. दाखल्यावर एक तारीख, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरी. मूल कॉलेज सोडून गेलं की त्या नोंदीला आपल्याला हात लावता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जिल्ह्याला तीन हेलपाटे घातले. परवानगी आली तोवर भरती उरकली होती. त्याचा बाप मला एक शब्द बोलला नाही, दाखला घडी करून खिशात ठेवला आणि गेला. तो माणूस मला अजून दिसतो.

चूक झालीच तर पांढरी शाई लावायची नाही. एक आडवी रेघ, वर बरोबर मजकूर, प्राचार्यांची सही आणि तारीख. खोडलेलंसुद्धा वाचता आलं पाहिजे.

बारावीच्या फॉर्मांनंतर बोर्डाची प्री-लिस्ट येते. ती वर्गात फिरवून नुसत्या सह्या गोळा करू नकोस. एकेकाला टेबलाशी बोलाव, त्याच्या ओळीवर पट्टी ठेव आणि त्यालाच मोठ्याने वाचायला लाव. विषय तर बघच, पण आईचं नाव नीट वाचून घे. ते गुणपत्रकावर छापलं जातं, आणि घरात हाक मारतात ते नाव वेगळं, कागदावरचं वेगळं असं आपल्याकडे फार.

आता पैसा. फी घेतली की पावती, पावतीवरून त्याच दिवशी कीर्द. संध्याकाळी शिल्लक मोजल्याशिवाय उठायचं नाही. दहा रुपये कमी भरले तर स्वतःच्या पर्समधून घालू नकोस. फरक तसा बुजवलास की चूक कुठे झाली ते कधीच सापडत नाही. माझ्या हेडक्लार्कचा मंत्र ऐक. फरकाला नवाने पूर्ण भाग जातो का बघ. जात असेल तर बहुतेक कुठेतरी आकडे उलटे पडलेत. त्रेसष्टचे छत्तीस झाले की फरक सत्तावीस. नाहीच जात, तर फरकाची निम्मी रक्कम शोध, ती नावेऐवजी जमेला गेलेली असू शकते. पाच हजारांवरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. त्या तिकिटांचा हिशोबही वेगळा ठेव.

यावरून एक गोष्ट सांगतो, ती मात्र खरंच कर. आपल्याकडे कॉमर्सची एकच तुकडी. पुस्तपालनाचे सर शिकवतात जीव लावून. भागीदारीचा करार नसेल तर भागीदाराने दिलेल्या कर्जावर सहा टक्के व्याज, १९३२ चा कायदा, सगळं पोरांना पाठ. त्याच पोरांना बँकेची भरणा स्लिप दिली की बघत राहतात. चिटणीसाची कार्यपद्धती हा विषय घेतलेल्या मुलीला आवक-जावक रजिस्टर म्हणजे काय ते परीक्षेपुरतं ठाऊक असतं, आणि ते रजिस्टर तिच्या वर्गापासून वीस पावलांवर आपल्या टेबलावर उघडं पडलेलं असतं! दिवाळीनंतर सरांना सांगून पाच-पाच मुलं अर्ध्या तासासाठी इथे बोलाव. गेल्या वर्षीची संपलेली कीर्द दे, एका आठवड्याची खतावणी करायला लाव, तेरीज जुळवायला लाव. मी दोनच वर्षं केलं, मग संचमान्यतेच्या धावपळीत राहून गेलं. ते राहिलं याचं वाईट वाटतं. त्यातली एक मुलगी आज तालुक्याच्या पतसंस्थेत हिशोब सांभाळते.

स्वतःकडेही बघ. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घे, दरवर्षी वेतनवाढीची नोंद डोळ्यांनी बघ. निवृत्तीला सहा महिने उरल्यावर जुन्या नोंदी शोधायला लागलं की फार जड जातं.

शिपाईमामांना विचारत जा. कुठल्या वर्षीचा गठ्ठा कुठल्या माळ्यावर आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आणि जूनमध्ये खिडकीशी रांग लागेल. काही बापमाणसं फॉर्म हातात धरून नुसती उभी राहतील, तुमचं तुम्ही भरा असं त्यांना म्हणू नकोस. फॉर्म आपल्याकडे घे, रकाना वाचून दाखव, ते सांगतील तसं भर, आणि सही करायच्या आधी सगळं परत वाचून दाखव. खालच्या खणात शाईचं पॅड आहे. त्याच्या शेजारी रोज सकाळी एक ओलं फडकं ठेवत जा. अंगठा उठवून झाल्यावर त्या माणसाने हात कुठे पुसायचा?