आठ्यांचं इंजेक्शन आणि माझा आजार

मला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. हे नाव फारसं कुणाच्या कानावरून गेलेलं नसतं, म्हणून आधी तेच सांगते. मज्जातंतूच्या टोकाशी असिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूपर्यंत पोचलं की स्नायू आकसतो. माझी स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्नायूवरच्या, ते रसायन झेलणाऱ्या जागा निकामी करते. सकाळी उघडी असलेली पापणी संध्याकाळी मिटायला लागते, एकाच्या दोन वस्तू दिसतात. तरी गोळ्यांवर माझं बरं चाललं होतं.

भुवयांमधल्या आठ्यांसाठी जे बोटॉक्स टोचतात, तेही नेमकं याच ठिकाणी काम करतं. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचं हे विष, अत्यल्प मात्रेत दिलेलं. ते असिटिलकोलीन सुटूच देत नाही, म्हणून स्नायू सैल पडतो. माझ्यासारखीच्या अंगात झेलणारी बाजू आधीच अधू, त्यात देणारी बाजूही औषधाने बंद.

मुलीच्या लग्नाआधी मी एका क्लिनिकमध्ये गेले. अर्जावर मधुमेह, रक्तदाब, ॲलर्जी, गरोदरपण असे रकाने होते. माझ्या आजाराला रकाना नव्हता, म्हणून मोकळ्या जागेत नाव लिहिलं, तोंडीही सांगितलं. "डोस अगदी कमी असतो हो काकू, काही होत नाही," असं उत्तर मिळालं. काही दिवसांतच उजवी पापणी बुबुळावर उतरली. तिची मला सवय होती. पण पाणी पिताना ठसका लागू लागला, चार घास चावून जबडा थकू लागला, तेव्हा घरच्यांनी थेट न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी दाखल करून घेतलं, श्वासावर लक्ष ठेवलं, औषधं वाढवली. "याच्यावर उतारा नाही का?" मुलीने विचारलं. नाही. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवता येतं. मज्जातंतूत शिरलेलं हे विष मागे घेता येत नाही. परिणाम ओसरायला साधारण ३-४ महिने लागतात.

या औषधाचा परिणाम टोचल्या जागेपासून दूर पसरू शकतो, गिळायला आणि श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो, असा चौकटीतला इशारा अमेरिकेच्या एफडीएने २००९ सालीच बंधनकारक केला. मायस्थेनियाचा उल्लेख माहितीपत्रकात असतो. तो वाचायची तसदी टोचणाऱ्याने घ्यायला हवी, असं मला फार कळकळीने वाटतं.

प्रत्येक जुनाट आजारात हे इंजेक्शन वर्ज्य आहे, असं मी म्हणत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मुख्य प्रश्न काळंनिळं पडण्याचा, आणि त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणं जास्त धोक्याचं. टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल तर थांबायचं. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी प्रतिजैविकं चालू असतील तर तेही सांगायचं, कारण त्यांनी परिणाम वाढू शकतो. मायस्थेनिया, लॅम्बर्ट-ईटन, एएलएस यांसारख्या आजारांत मात्र क्लिनिकचा होकार पुरेसा धरू नका. तुमचा आजार वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या डॉक्टरांना विचारा, आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या.

कुपीवरचं नाव, बॅच क्रमांक, किती युनिट दिली, हे त्याच दिवशी लिहून मागा. पार्लरमध्ये तर टोचून घेऊच नका. त्रास काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतो. गिळणं, बोलणं, श्वास यांत फरक जाणवला तर क्लिनिकला फोन लावत बसू नका. तो कागद घेऊन सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.