बाईंच्या मनातलं

अगं, पालकसभेला जाऊ की नको, हे मला काय विचारतेस? खरं तर तुझ्या लेकाच्या बाईंना विचारायला हवंस. पण त्या मनातलं सांगायच्या नाहीत, म्हणून मीच सांगते. मीही बाईच ना, रावेर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतली.

आम्हाला पालकांची धास्ती असते. वर्गाच्या दारात कुणाची आई दिसली की वाटतं, आली तक्रार! आणि कुणीच फिरकलं नाही, तर 'या लोकांना पोरांचं काही पडलेलंच नाही' असं म्हणायलाही आम्हीच मोकळ्या. मीही म्हणायचे. एकदा सकाळी अकराला सभा ठेवली, चार जण आले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई, माय केळी कापायला गेली होती." रोज बुडवून कोण येणार गं? आता मी सभा संध्याकाळी घेते. बाया येतात, केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेले हात पदराखाली धरून मागच्या रांगेत बसतात. त्या मुलीच्या आईने एकच विचारलं, "वर्गात बोलते का हो ती?" इतक्या वर्षांत असा प्रश्न मला फार थोड्यांनी विचारलाय.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. कित्येक गावांत मात्र रजिस्टरच घरोघरी फिरतं सह्यांसाठी. (हे मी सांगितलं म्हणू नकोस.) बाहेरच्या देशांत बघ, जपानात एप्रिलमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की शिक्षकच मुलांच्या घरी जाऊन येत, आता ती पद्धत कमी होत चाललीय. फिनलंडमध्ये घर आणि शाळेमधले निरोप 'विल्मा' नावाच्या प्रणालीवरून जातात. आपल्याकडे व्हॉट्सअॅप आहे, रात्री साडेदहाला 'मॅडम, उद्या डब्याला काय द्यायचं?' विचारायला. तेवढं तू करू नकोस, बाई!

बाकी सभेला जा. मार्कांचं शेवटी विचार. आधी सांग, घरी तो कशाला घाबरतो, कशात रमतो. हे आम्हाला वर्गात दिसत नाही, आणि विचारायचं धाडसही होत नाही. आणि हो, केळी वेफर्सचा पुडा नेऊ नकोस, घ्यायला फार अवघड होतं.