गाणी पाच हजार, खर्च किती?

सामुदायिक रेडिओचा परवाना मिळाला की संस्थेच्या अंदाजपत्रकात ट्रान्समीटर, मनोरा, मिक्सर, स्टुडिओच्या भिंतींचं काम या सगळ्यांना रकाना मिळतो. गाण्यांना मिळत नाही. ती कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून येतात, आणि वर्षभरात असा ढीग साचतो की एकच गाणं चार नावांनी सापडतं आणि हवं ते एकाही नावाने सापडत नाही. हा खर्च सुरुवातीलाच मांडला तर तालुक्याच्या गावातल्या केंद्रालाही झेपतो. पुढचा हिशेब पाच हजार गाण्यांचा आहे. किमती वरखाली होत असतात, त्यामुळे आकडे अंदाजाचे समजा आणि खरेदीआधी दोन-तीन दुकानांतून दरपत्रकं घ्या.

सगळ्यांना भीती साठवणुकीच्या खर्चाची वाटते, आणि तोच सगळ्यात कमी आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो. पाच मिनिटांचं गाणं ५० एमबी, पाच हजार गाणी २५० जीबी. तीच गाणी फ्लॅक स्वरूपात ठेवली तर दीडशे जीबीच्या आसपास बसतात, आणि फ्लॅक आवाजातलं काहीही टाकून देत नाही. दोन टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क सहा ते नऊ हजारांत येते. अशा तीन घ्या: एक केंद्रावर रोजच्या वापराला, दुसरी कपाटात, तिसरी दुसऱ्या इमारतीत. आग, पाणी आणि चोरी या तिन्हींना तिसरी डिस्क हेच उत्तर आहे. ती वाचवू नका.

एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही, मग एमपीथ्री का नको, असं तंत्रज्ञ विचारतात. कारण गाणं लायब्ररीतून थेट हवेत जात नाही. ते कार्यक्रमात कापलं जातं, पुन्हा साठवलं जातं, ट्रान्समीटरआधीच्या प्रोसेसरमधून जातं, इंटरनेटवरही सोडायचं असेल तर तिथे पुन्हा आवळलं जातं. एमपीथ्रीने आधीच गाळलेल्या आवाजावर हे सगळे संस्कार झाले की टाळ आणि झांजा खरखरायला लागतात, गायकाचा ‘स’ शिट्टीसारखा टोचतो. मूळ प्रत पूर्ण दर्जाची ठेवा. एमपीथ्री तिच्यातून केव्हाही काढता येते. उलट करता येत नाही. एमपीथ्रीची फ्लॅक केली तर फाइल फुगते, हरवलेलं परत येत नाही. कुणी ‘ओरिजिनल क्वालिटी’ म्हणून फाइली दिल्या तर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा स्पेक्ट्रोग्राम बघा. नव्या गाण्यात १६ किलोहर्ट्झवर सरळ रेघ ओढल्यासारखा आवाज संपत असेल, तर ती बहुधा फुगवलेली एमपीथ्री आहे. पैसे देऊ नका.

गाणी आणायची कुठून? नव्या गाण्यांसाठी कंपनीला केंद्राच्या लेटरहेडवर पत्र लिहून प्रसारणाची वेव्ह (न आवळलेली) प्रत मागा; गाणं वाजावं ही त्यांचीही गरज असते. जुन्यांसाठी अजूनही सीडी हाच उत्तम मार्ग. जुन्या बाजारात सीडी शंभर ते दोनशे रुपयांना मिळते. चारशे सीडींचे साठ हजार धरा, पण गावातल्या संग्राहकांकडे आधी चौकशी करा. उसनी मिळाली तर हा आकडा बराच खाली येतो. सीडी वाचणारा ड्राइव्ह दोन-अडीच हजारांचा. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे मोफत सॉफ्टवेअर ओरखड्यामुळे चुकलेली जागा पुन्हा पुन्हा वाचतं आणि आपली प्रत इतरांच्या प्रतींशी ताडूनही बघतं. यूट्यूबवरून उतरवलेली गाणी लायब्ररीत घेऊ नका. दर्जा हे एक कारण, कायदा हे दुसरं.

फाइल हातात असणं आणि ती वाजवायचा हक्क असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःसाठी विकत घेतलेल्या सीडीने किंवा ॲपच्या वर्गणीने प्रसारणाचा हक्क मिळत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ३१ डी आलं. त्यानुसार रेडिओ केंद्राला पूर्वसूचना आणि ठरलेलं मानधन देऊन प्रकाशित गाणी वाजवता येतात. इंटरनेटवरच्या प्रसारणाला हे कलम लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९मध्ये म्हटलं आणि २०२२मध्ये खंडपीठाने ते कायम केलं. म्हणून एफएम आणि ऑनलाइन यांचे दर वेगवेगळे, लेखी मागवा.

‘जुनं आहे, फुकट आहे’ हा समज तर महागात पडतो. ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रकाशनाच्या वर्षानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे २०२६मध्ये १९६५ अखेरपर्यंतच्या मुद्रिका त्यातून मोकळ्या झाल्या. पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. कवी ग. दि. माडगूळकर (गदिमा) १९७७ साली गेले. त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत संरक्षित आहेत. तुकोबांचे अभंग सगळ्यांचे, पण त्यांना श्रीनिवास खळ्यांनी दिलेली चाल २०७१ अखेरपर्यंत नाही. रेकॉर्ड कंपनीशी करार केला की काम भागलं असंही नाही. गीतकार-संगीतकारांचे हक्क बघणाऱ्या आयपीआरएसचा प्रश्न वेगळा उरतो आणि एफएम केंद्रांना तो टाळता येणार नाही, असाच मुंबई उच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२३च्या आदेशाचा रोख आहे.

आता ज्यावर खरा पैसा खर्चायचा ते काम: प्रत्येक गाण्याची नोंद. सुरुवात आणि शेवट ऐकणं, मधे कुठे उडतंय का बघणं, गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट किंवा नाटक, वर्ष, राग, कंपनी भरणं. नीट केलं तर गाण्याला आठ मिनिटं लागतात. पाच हजार गाण्यांचे ६६६ तास होतात. तासाला १२० रुपये दिले तर ऐंशी हजार. तिन्ही डिस्कच्या जवळपास तिप्पट-चौपट रक्कम, आणि नेमकं हेच काम संस्था ‘विद्यार्थी करतील’ म्हणून सोडून देतात. विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्या, पण त्यांना पैसे द्या आणि वर गाण्यातलं कळणारा एक जाणकार तपासायला बसवा.

नोंद ढिसाळ असली की काय होतं? ‘ग. दि. माडगूळकर’, ‘गदिमा’, ‘माडगुळकर’ आणि इंग्रजी स्पेलिंगचे दोन प्रकार, अशी एकाच कवीची पाच माणसं होतात. जयंतीच्या दिवशी शोधलं तर पाचवा हिस्सा गाणी सापडतात. म्हणून आधी नावांची एक प्रमाण यादी करा आणि तिच्यातूनच निवडायचं बंधन घाला. सगळं युनिकोड देवनागरीत लिहा; जुन्या फॉन्टमध्ये टंकलेलं दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही. ही माहिती फाइलीत टॅग म्हणून भरायला एमपीथ्रीटॅग आणि म्युझिकब्रेन्झ पिकार्ड ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, मात्र मराठी गाण्यांची माहिती आयती फारशी मिळत नाही, हाताने भरावी लागते.

आवृत्तीचा रकाना विसरू नका. गीतरामायण १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं तेव्हा त्यातली ५६ गीतं माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा अनेकांनी गायली होती. घरोघरी पोचल्या त्या सुधीर फडक्यांच्या आवाजातल्या मुद्रिका. नुसतं ‘गीतरामायण’ लिहिलेल्या फाइलीवरून निवेदकाने काय सांगायचं? आणि हे सांगणं ऐच्छिक नाही. कलम ३१ डी खाली वाजवताना रचनाकारांची आणि प्रमुख कलावंतांची नावं जाहीर करावी लागतात, वाजवल्याची नोंदही ठेवावी लागते. आकाशवाणीने गीतकार-संगीतकारांची नावं घ्यायची सवय श्रोत्यांना लावली. ती मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

गाण्यांचा आवाज सारखा करायचा म्हणून मूळ फाइलींना हात लावू नका. रिप्लेगेन या पद्धतीत आवाजाची पातळी टॅगमध्ये लिहिली जाते आणि वाजवताना लागू होते. प्रसारणासाठी रिव्हेन्डेल आणि लिब्रटाइम ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. ती बसवायला लिनक्स जाणणारा माणूस मात्र लागतो. त्याचे काही दिवसांचे पैसे धरा.

जुन्या तबकड्या असतील तर ७८ फेऱ्यांचा टर्नटेबल लागेल, तीस ते चाळीस हजार. त्याबरोबर ७८ची जाड सुई वेगळी घ्या. एलपीची सुई त्या खोबणीच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर उचलते. ऑडिओ इंटरफेस आठ ते पंधरा हजार. तबकड्या पन्नासच्या आत असतील तर हे विकत घेण्यापेक्षा तासाच्या दराने काम करणाऱ्याकडे द्या, पण स्वच्छ न केलेली कच्ची फाइलही लेखी अटीने मागून घ्या. खरखर काढायच्या नादात तानपुऱ्याची आस आणि गायकाचा श्वासही जातो, आणि कच्ची प्रत नसेल तर तो कायमचा जातो. कॅसेटला डेकचं हेड प्रत्येक वेळी कानाने जुळवावं लागतं. तासाच्या कॅसेटला तास लागतोच, त्यात घाई चालत नाही.

या सगळ्याइतकीच रक्कम गावातल्या गाण्यांसाठी बाजूला काढा, असं मी आग्रहाने सांगेन. भजनी मंडळ, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजी, शाहीर, गोंधळी यांचं रेकॉर्डिंग दुसऱ्या कुठल्याच लायब्ररीत नसतं. ते ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा. प्रत्येक कलावंताला मानधन द्या आणि मराठीत, वाचून दाखवून, लेखी संमती घ्या: किती वेळा वाजेल, इंटरनेटवर जाईल का, दुसऱ्या केंद्राला देता येईल का. कायद्याने सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं टिकतो. त्यांच्या घरी वाजेल अशा स्वरूपात एक प्रत त्यांनाही द्या. पेनड्राइव्हचे तीन-चारशे रुपये याच रकान्यात लिहा.

दरवर्षीच्या खर्चात दोन ओळी ठेवा: परवान्याचं मानधन, आणि पाच वर्षांनी तिन्ही डिस्क बदलण्यासाठी वर्षाला पाच हजार. फ्लॅक फाइलीत तपासणीचा आकडा आतच लिहिलेला असतो, त्यामुळे सहा महिन्यांतून एकदा एका आज्ञेने सगळी लायब्ररी तपासता येते. बिघडलेली फाइल निघाली तर दुसऱ्या डिस्कवरून त्याच दिवशी परत आणा.